चटणीचं भांडं आणि सीताफळाच्या बिया

जपानमध्ये, सेंदाईतल्या आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक वस्तूवर छापील पट्टी असे: वापरणाऱ्याचं नाव आणि त्याची नेमणूक संपण्याचा महिना. माझ्या खुर्चीवर, कपावर, अगदी सपातांवरही येणारा मार्च होता. भूकंपाला दोन वर्षं झाली होती. किनाऱ्याकडे त्सुनामीत वाहून गेलेल्या घरांच्या जोत्यांत पाणी साचे, त्यात डासांच्या अळ्या होत. सीताफळाच्या बियांचा अर्क त्या मारतो का, हे मी तपासत होतो. जमलं तर वर्षभर मुदतवाढ, नाहीतर पुण्याला परत. आम्हा नवराबायकोला मनापासून राहायचं होतं, तरी गॅलरीत सामानासाठी रिकामी खोकी जमवायला बायकोने सुरुवात केली होती.

रीतसर परवाने काढून मागवलेल्या बियांपुढे तिथल्या खलबत्त्याने हात टेकले. मग मी घरचा मिक्सर नेला, तिथल्या कमी व्होल्टेजसाठी घेतलेल्या विटेएवढ्या ट्रान्सफॉर्मरसकट.

"उवा मारायची पूड ती," बायको म्हणाली. "ते चटणीचं भांडं आता माझ्या ओट्यावर नको."

अर्कातल्या अळ्या मेल्या. पण शेजारी नुसत्या पाण्यात ठेवलेल्याही मेल्या, आणि त्या मेल्या की प्रयोगाला काही अर्थ उरत नाही. तीनदा तेच. मी पाण्याला, हीटरला, नशिबाला बोल लावला. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या प्राध्यापकांनी, वाकून पाहिलं, "हं" म्हणाले आणि गेले. त्या "हं"ने माझी भूकच गेली.

घरी आमटी ढवळता ढवळता बायकोने उलटतपासणी घेतली.

"खायला काय घालतोस त्यांना?"

"माशांचं खाणं. बारीक करून."

"कशात?"

"मिक्सरमध्येच. पण भांडं आधी विसळलं होतं."

"साबणाने?"

"नाही."

"आणि खाणं काढल्यावर चिकटलेलं?"

"थोडं पाणी घालून हलवलं आणि तेही अळ्यांच्या पाण्यात ओतलं. आपण वाटणाचं करतो तसं."

तिने डाव खाली ठेवला आणि हसत सुटली. बियांतला तेलकट अंश नुसत्या पाण्याने निघत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत असे. आधी मला राग आला, मग मीही हसलो.

सकाळी मी जाऊन कबुली दिली. सेन्सेईंनी सगळं ऐकून घेतलं.

"भांड्याला किती राहिलं असेल?"

"डोळ्यांना दिसणारही नाही इतकं."

"तेवढ्यानेही मेल्या," ते म्हणाले. "पुन्हा करा. खाणं वेगळं दळा."

या वेळी नुसत्या पाण्यातल्या अळ्या मजेत वळवळत राहिल्या आणि अर्कातल्या सगळ्या तळाशी गेल्या. मी आकडे नेऊन दिले.

दोन दिवसांनी मिक्सरच्या भांड्यावर नवी पट्टी दिसली: फक्त बियांसाठी, खाली माझं नाव, आणि त्याखाली मार्च, येणारा नव्हे, त्याच्या पुढच्या वर्षीचा. मी फोटो काढून बायकोला पाठवला.

"म्हणजे मला नवा मिक्सर," एवढंच उत्तर आलं.

घरी पोचलो तर गॅलरीतली खोकी दुमडून, सुतळीने बांधून दारापाशी ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी कागदाचा कचरा उचलण्याचा वार होता.