आडवे व्हा, खोका

मास्तर मुळात शर्ट-पँट शिवणारे शिंपी. हर्नियाच्या पट्ट्यांकडे ते वळले ते वडिलांमुळे. वडिलांना जांघेत अंतर्गळ, म्हणजे हाच हर्निया, होता. ऑपरेशन झालं आणि वर्षाच्या आत गाठ पुन्हा हजर. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा तेच. तेव्हाची पद्धत अशी, की पोटाच्या पडद्याला पडलेल्या भोकाच्या दोन्ही कडा ओढून एकमेकींना शिवायच्या. मास्तरांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला, "ताणावर घातलेला टाका कधी टिकलाय? तंग पँट खाली बसताना कुठे उसवते ते विचारा मला." त्यांनी जाड कापडाचा, आतून चामड्याची गादी लावलेला पट्टा शिवून वडिलांना दिला आणि वडील तो बांधून शेवटपर्यंत हिंडले. मग वडिलांचे ओळखीचे आले, त्यांच्या ओळखीचे आले, आणि शर्ट-पँट कायमचे मागे पडले.

दुकान म्हणजे एक खोली. पुढे शिलाई मशीन, मागे हिरवा पडदा, पडद्यामागे एक लाकडी बाक. बायकांची मापं मास्तरीणबाई घेत, गाद्याही त्याच शिवत. माप घेण्याआधी प्रत्येकाला दोनच हुकूम: आडवे व्हा, खोका. आडवं झाल्यावर गाठ आत सरकते का, आणि खोकल्यावर बोटांना धक्का देते का, एवढंच बघायचं. ज्याची गाठ आत जात नाही, त्याला पट्टा नाही. त्याला एक चिठ्ठी लिहून मिळे आणि ती घेऊन थेट गावच्या इस्पितळातल्या सर्जनबाईंकडे जायचं. मास्तरांना शाळा फारशी नव्हती, पण बेंबीचा हर्निया, जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांतून वर आलेला, जांघेतला, सगळे ते कपड्याच्या वरूनच ओळखत. जांघेच्याही खालचा, मांडीच्या घडीतला तेवढा त्यांना नको असे. दिसायला सुपारीएवढा, बायकांत जास्त, आणि अडकला की घात करणारा. त्याला कुठलाच पट्टा चालत नाही, हे ते छाती ठोकून सांगत.

इथपर्यंत मास्तर शहाणेच. पण पन्नाशीत कापडाचा तागा उचलताना त्यांना स्वतःलाच जांघेत गाठ आली. त्यांनी स्वतःच्या मापाचा पट्टा शिवला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःचीच जाहिरात सुरू केली. कोणी कुरकुरत म्हणालं, "डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात," की हे शर्ट वर करणार. "एकोणीस वर्षं झाली. माझ्याकडे बघा." आधी बारा, मग पंधरा, असं करत आकडा एकोणीसवर आला होता. त्यांच्याकडे बघून किती जणांनी इस्पितळाच्या पायरीवरून काढता पाय घेतला, देव जाणे. हे मात्र मास्तरांचं चुकलं. खरं सांगायचं तर ते ऑपरेशनला घाबरत होते आणि त्या भीतीला शिंप्याची अक्कल म्हणून मिरवत होते.

एका मंगळवारी सकाळी अकराला त्यांना जोराची शिंक आली. शिंकेबरोबर जांघेत कळ गेली. ते पडद्यामागे जाऊन आडवे झाले, गाठ दाबून पाहिली, परत पट्टा आवळला आणि येऊन मशीनवर बसले.

"काय हो?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"गॅस झालाय."

थोड्या वेळाने ते मोरीत जाऊन ओकून आले. तरी पुन्हा मशीनवर. बाईंचं लक्ष त्यांच्या हाताखालच्या पट्ट्याकडे गेलं. खालच्या बॉबिनचा दोरा कधीच संपला होता. मास्तर नुसतीच भोकं पाडत चालले होते. चाळीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

"अहो, पडद्यामागे चला."

"मला काही झालेलं नाही."

"चला म्हणते ना. आडवे व्हा."

मास्तर आडवे झाले. बाईंनी बक्कल सोडलं. गाठ लालसर, कडक. हलक्या हाताने दोन बोटं ठेवली. "खोका."

मास्तर खोकले. बोटांना काहीच लागलं नाही. धक्का नाही म्हणजे गाठ अडकलेली, हे त्या दोघांनाही पाठ होतं.

"जरा थांबू," मास्तर म्हणाले, "दुपारपर्यंत जाईल आत."

"गिऱ्हाईक असतं तर थांबवलं असतंत?"

मास्तरांनी पट्ट्यासाठी हात पुढे केला.

"याला पट्टा नाही," बाई म्हणाल्या. आणि चिठ्ठी त्यांनीच लिहिली. वय सत्तर, उजवी जांघ, अकरापासून आत जात नाही, उलटी झाली. मग बाहेर जाऊन रिक्षा थांबवली.

सर्जनबाईंनी चिठ्ठी वाचली, गाठ पाहिली. "मास्तर, आतडं अडकलंय. आत्ताच्या आत्ता घ्यावं लागेल."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तरी त्यांनी विचारलंच, "कडा ओढून शिवणार?"

"आता ओढून कोण शिवतं? ठिगळ लावणार. भोकापेक्षा मोठी जाळी, सैल बसवायची, टाके कडेने. ताण कुठेच नाही."

"हे कधीपासून?"

"मी शिकत होते तेव्हापासून. इतकी वर्षं मला चिठ्ठ्या पाठवल्यात, विचारलं कधी नाहीत."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठिगळ! हे त्यांना पहिल्या दिवशी पटलं असतं.

पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला आणि छातीवर आडवा पडदा लावला. तोही हिरवाच. मास्तर जागे होते. पलीकडून सर्जनबाईंचा आवाज आला, "काळपट पडलंय. कोमट ओलं कापड ठेवा. रंग परत आला तर आत घालू, नाहीतर एवढा तुकडा कापावा लागेल." मास्तरांना वाटलं, आपण संपलो. त्यांना वडील आठवले नाहीत, देव आठवला नाही. शर्ट वर केल्यावर त्यांच्याकडे बघणारे एकेक चेहरे मात्र आठवत राहिले.

"आला," सर्जनबाई म्हणाल्या. "गुलाबी झालं. जाळी द्या."

मास्तर लहान पोरासारखे रडले. कमरेखाली काही कळत नव्हतं, त्यामुळे रडायला सोपं गेलं.

तिसऱ्या आठवड्यात ते दुकानात आले, मशीनला हातही न लावता मापांची वही काढली आणि पहिल्या पानापासून फोन लावायला बसले.

पहिलाच बेकरीवाला म्हणाला, "मास्तर, माझं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"आणि गेल्या वर्षी नवा पट्टा नेलात तो?"

"आहे की कपाटात. शिलाई फार सुंदर आहे."

मास्तरीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्यानेही तसंच सांगितलं, तिसऱ्यानेही. आपल्या मागे सगळं गाव शहाणं झालं आणि कोणी कळूही दिलं नाही, याचा मास्तरांना राग यावा की बरं वाटावं हे कळेना. सातवा नंबर निवृत्त पोस्टमनचा होता. हा ऑपरेशनची तारीख घेऊन दुकानात आला होता आणि 'माझ्याकडे बघा' ऐकून परत गेला होता.

"तुमच्या भरवशावर ठणठणीत आहे," पोस्टमन म्हणाला.

"आडवे व्हा."

"आत्ता? फोनवर?"

"आत्ता. गाठ आत जाते?"

पलंग करकरला. "जाते की. सगळी गेली."

"खोका."

पोस्टमन खोकला. "हां, धक्का लागतोय बोटाला. म्हणजे पट्टाच ना? तुमचाच नियम."

"नियम माझाच," मास्तर म्हणाले. "मी घाबरत होतो म्हणून धरून ठेवलेला. गाठ आत जातेय तोवरच ऑपरेशनला जायचं असतं. उद्या नऊला तयार राहा, मी न्यायला येतो."