भाऊंच्या वाढदिवसाचं गाणं

अमरावतीत गाणी मिक्स करायची माझी छोटी खोली आहे. गेल्या वर्षी भर मे महिन्यात अकोल्याचा एक माणूस तिथं आला. गळ्यात दुपट्टा, मुठीत पेनड्राइव्ह. त्यात त्यानं घरीच रेकॉर्ड केलेलं, वॉर्डातल्या भाऊंच्या वाढदिवसाचं गाणं होतं. फोनवर बजावल्याप्रमाणे त्यानं आवाज, ढोलक, पेटी सगळं वेगवेगळं आणलं होतं. फक्त प्रत्येकात कूलर घरघरत होता. गाण्यात भाऊंचं नाव आलं, की हा खुर्चीतून अर्धा उठायचा.

"रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद ठेवायचा असतो हो," मी म्हणालो.

त्यानं दुपट्ट्यानं मान पुसली. "अकोल्यात राह्यले काय तुमी कदी?"

मग मीच खपून ती घरघर काढली. गाणं लख्ख झालं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"भाऊ लय नाराज हायेत. म्हनतात, गान्याच्या मांगं एवढी पब्लिक होती, ते कुठी गेली?"

मी निमूटपणे कूलर परत घातला.

यंदा भाऊ निवडणुकीला उभे आहेत, म्हणून हा नवं गाणं घेऊन आला. सगळे ट्रॅक इतके स्वच्छ, की मला संशय आला. शेवटची फाइल उघडली. तिच्यात नुसता कूलर होता, आणि फाइलला नाव दिलं होतं, 'पब्लिक'.