मामाजी अळ्यांसाठी आडवे आले

मंडळी, आज छाती फुगली आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाई.

रोहण्याच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी तीन वर्षं तणनाशक मारू दिलं नाई. नाहीशी झालेली कळलावीची वेल कंद आणून पुन्हा लावली. रुई आपोआप परतली, तिच्यामागे फुलपाखरं. माझे सासरे, म्हणजे मामाजी, हसायचे. जन्मभर कपाशी पिकवलेला माणूस, अळी दिसली की चिरडणारच.

आज शेजारचे काका पंप घेऊन आले. "रुईवर लय अळ्या झाल्या, फवारून देतो."

मामाजी काठी टेकत त्यांना आडवे आले. "काऊन? थ्या कपाशीले नाई खात. त्याईचे फुलपाखरं होतेत. आपल्या हाय थ्या अळ्या!"

मी विचारलं, "तुम्हाले कसं माहीत?"

"रोज सकाळी येऊन पाह्यतो ना मी."

आमच्या धुऱ्याले राखणदार भेटला. तुमच्या धुऱ्यावर काय उरलंय?