लुगड्यांचा पडदा

“माय गेली...” सिहोऱ्याहून आतेभाऊ प्रकाशदादाचा फोन आला, तेव्हा मी नागपूरच्या गिरणी कामगारांवरची आमची पुस्तिका तपासत होते. तिच्यातली सगळ्यात बहारदार हकिकत पार्बताआत्याची, आणि ती छापून आलेली तिनं पाहिलीच नाही. महिना होत आला. रुखरुख आहेच, पण हकिकत आठवली की हसू येतं.

नागपूरच्या इतिहासात गिरणीमालक असतात, फार तर संप असतात. भंडाऱ्याकडच्या कामगारांनी तिथल्या चाळींत आपली दंडार नेली, हे कुणी लिहीत नाही. चौकात हे नाटक रंगायचं. समोरची जागा पुरुषांची. बायका नटांच्या पाठीमागं, पडद्याआड, फटींतून बघायच्या. आणि पडदा कशाचा, तर घरोघरून मागून आणून दोरीला बांधलेल्या त्यांच्याच लुगड्यांचा! आत्या तेव्हा चाळीतली नवी सून. एका वर्षी राजाचं भाषण ऐन रंगात असताना ती उठली आणि आपल्या लुगड्याची गाठ सोडू लागली.

“बाई, खेळ मोडून राहिली काय?” दंडारीचा म्होरक्या खेकसला.

“तुमी खेळ करा ना भाऊ. मी माझं लुगडं नेऊन राहिली.”

मग शेजारीण उठली, तिची जाऊ उठली... बघता बघता पडदा गेला, आणि मागं एका कोपऱ्यात सजत बसलेली, अर्धी दाढी केलेली राणी बिडी ओढताना अख्ख्या चौकाला दिसली. हसण्याच्या कल्लोळात राजा भाषण विसरला. पुढच्या वर्षीपासून समोरची अर्धी जागा बायकांची झाली.

मी लिहिलं होतं, ‘ही क्रांतीची ठिणगी होती.’ शेवटच्या भेटीत वाचून दाखवलं, तर आत्या म्हणाली, “क्रांती कायची वं पोरी? आमाले राजाचं तोंड पाहाचं होतं. दरसाल पाठच पाहून राहिलो होतो.”

“आत्या, क्रांती म्हणजे तरी दुसरं काय असतं?”

“मंग तसंच लिव ना सरळ. कायले फिरवून राहिली?”

तसंच लिहिलं.

गिरणी बंद पडल्यावर ती सिहोऱ्याला आली, आणि घरात टीव्ही आला तेव्हा तिनं तो स्वयंपाकघरात लावायला लावला. परवा प्रकाशदादा म्हणाला, आता तो बैठकीत नेऊ. “न्या,” वंदनावहिनी म्हणाली, “चूलही तिकडंच न्या.” टीव्ही जागचा हलला नाही. काल मॅच होती. दादा आणि त्याचे दोस्त स्वयंपाकघरात मांडी घालून, लसूण सोलत बघत होते.