गयावहिनींच्या हातचं सीताफळाचं दूध

गयावहिनींच्या बोटांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. लग्नकार्यात त्यांचा विषय निघाला की मी पानाचं निमित्त करून बाहेर जायचो. आता त्या नाहीत, आणि मीही सत्तरी ओलांडली आहे. आमच्या घरात त्यांची एक गोष्ट अजून हसत हसत सांगितली जाते. ती गोष्ट खोटी आहे. एवढं तरी माझ्या हयातीत लिहून ठेवायला हवं.

गयावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन त्या धारूरला आल्या तेव्हा मी शाळेत होतो. अंगाने ठेंगण्या, तोंडाने फटकळ. बोटं मात्र अशी की गप्पा मारताना, खाली न बघता, तांदळातला खडा नेमका काढायच्या. लाइट गेली तरी त्यांचं निवडणं थांबायचं नाही. "बगायचं कशाला? हाताला कळतंय की," म्हणायच्या. त्या बोटांचा त्यांना गर्व होता आणि तो त्या लपवायच्या नाहीत. दुसऱ्या कुणी निवडलेलं धान्य सगळ्यांसमोर परत निवडायच्या. माझी बायको सुमन यावरून त्यांच्यावर कायम धुसफुसत असे.

दसऱ्याच्या आगेमागे डोंगरातली सीताफळं आली की घरात त्यांचं राज्य सुरू व्हायचं. डोळे उघडून पांढरे झालेलं फळ त्या अंगठ्याने दाबून बघत. गर चमच्याने पातेल्यात काढत आणि मग चिमटीत एकेक पाकळी धरून बी अलगद सोडवत. बाजूच्या स्टीलच्या ताटलीत टक्, टक् आवाज येत राही. तापवून गार केलेल्या दुधाचं भांडं माठाखालच्या गारव्यात ठेवलेलं असे. गर त्यात हातानेच मोडायचा, साखर नावाला, की झालं. एकदा मी वेलदोडा सुचवला, तर म्हणाल्या, "शिताफळात वेलदोडा? उद्या म्हनाल, नवरीला मिशा काढा!"

पहिला घोट त्या स्वतः घ्यायच्या. तोंडात धरून, जीभ फिरवून, मगच पेले भरायच्या. कारण विचारलं तर सांगायच्या, "बी गिळलं तर काय न्हाई. फुटलं की सगळं कडू. फुटल्याली बी उवा माराया लावत्यात भावजी, ती मानसाच्या पोटात कशाला?"

मी परळीला नोकरीला लागलो आणि बाजारातल्या ज्यूसच्या दुकानात उंच ग्लासातला, वर फेस आलेला मिल्कशेक प्यायला शिकलो. त्यानंतर वहिनींचं दूध मला गावठी वाटू लागलं. माझ्या थोरल्या मुलीला बघायला लातूरकडचे पाहुणे धारूरच्या घरी येणार होते. मी परळीहून मिक्सर घेऊनच गेलो.

"ह्ये कावून आणलं?" वहिनींनी विचारलं.

"मिल्कशेक करू वहिनी. फेस येतो त्याला."

"फेस काय करायचाय? फेस का पोटात ऱ्हातोय? साबनाचं पानी द्या की मग."

सगळे हसले. मिक्सर कोपऱ्यात राहिला. वहिनी सकाळपासून गर काढत बसल्या. बरंचसं दूध तयार झालं. एका पातेल्यात बिया न काढलेला गर तेवढा राहिला होता. इतक्यात पाहुणे आले. सांगितले होते त्याच्या दुप्पट. सुमन चुलीपाशी अडकलेली, म्हणून वहिनी मुलीला साडी नेसवायला आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "त्या गराला हात लावू नगा. म्या आलेच."

दूध पुरणार नाही असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, मला फेस हवा होता. मी तो बियांसकट गर दुधात घातला आणि मिक्सर जरासाच फिरवला. मनात म्हटलं, पातं बियांना काय करणार, गाळून घेऊ. गाळलंही. वर सुरेख फेस आला होता. तो मी वहिनींच्या दुधात ओतला आणि मिक्सर विसळून पिशवीत घातला.

वहिनी आल्या. "गर कुटं गेला?"

"माशा बसल्या होत्या. टाकला."

"आन् दूध यवढं कसं?"

"वरून दूध वाढवलं. पाहुणे जास्त आहेत."

त्यांनी चाखायला वाटी उचलली. मी ती हातातून घेतली. "राहू द्या वहिनी, लोक ताटकळलेत." त्यांनी ट्रे उचलला आणि स्वतःच्या हाताने पेले वाटले.

पहिल्याच घोटाला मुलाच्या आजोबांनी तोंड वाकडं केलं. कुणाचा घसा धरला, कुणी पेला तसाच ठेवला. आजोबांना तर ओसरीवरच उलटी झाली. पाहुणे चांगले होते, काही बोलले नाहीत. पण पोह्यांना कुणी हात लावला नाही आणि पुढे निरोपही आला नाही. सुमन सगळ्यांसमोर कडाडली, "जाऊबाई, एवढा तोरा हाताचा, आणि माझ्याच लेकीच्या वेळी कडू पाजलंत?"

वहिनी ट्रे धरून उभ्या होत्या. स्वतःच्या बोटांकडे बघत हळूच म्हणाल्या, "माज्याच हातून बी ऱ्हायलं आसंल. चाखलं न्हाई म्या."

मी तिथेच होतो. पाहुण्यांचे पेले उचलू लागलो.

मुलीचं पुढच्याच वर्षी चांगल्या घरी लग्न झालं. नुकसान झालं ते वहिनींचं. "गयाबाईच्या हातचं नको रे बाबा, सोयरीक मोडते," हा आमच्या कार्यातला ठरलेला विनोद झाला. त्यावर त्याही हसायच्या. सीताफळाचं दूध त्यांनी पुन्हा केलं नाही. तांदूळ निवडला की शेजारच्या पोरीला हाक मारून ताट पुढे करायच्या, "बग गं एकदा. माज्या हाताचा भरवसा न्हाई." ते ऐकलं की मला घरात बसवत नसे.

एकदा ठरवून धारूरला गेलो. भाऊ शेतात होता, वहिनी एकट्याच होत्या. "वहिनी, एक सांगायचं होतं," एवढं बोललो. त्या सीताफळं पिशवीत भरत होत्या. म्हणाल्या, "सुमनला द्या. आन् सांगा, नीट बघून बिया काढ म्हनावं. माज्यावानी करू नगं." मी पिशवी घेतली आणि परळीची एसटी धरली.

भाऊ गेल्यानंतर वहिनींचं विसरणं वाढत गेलं. गेल्या दसऱ्यानंतर पुतण्याचा फोन आला की आता त्या कुणालाच ओळखत नाहीत. मी सीताफळं आणली. मिक्सर न काढता पाकळी पाकळी चिमटीत धरून गर सोडवला. माझी बोटं थरथरतात, अर्धा दिवस गेला. पहिला घोट तोंडात धरून बघितला. मग किटलीत भरून धारूरला नेलं.

वहिनी खाटेवर बसल्या होत्या. अंगठा आणि बोट गोधडीवर सारखं घासत होतं, काहीतरी सोडवत असल्यासारखं. मी वाटी पुढे केली. त्यांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"कुनी केलंय? म्या का?"

"नाही वहिनी, मी केलंय. आणि त्या दिवशीही..."

"माज्या हातचं आसंल तर नगं. बी ऱ्हातंय."

"वहिनी, मी तुमचा भावजी. मिक्सर मी लावला होता. ऐका तरी."

त्यांनी माझ्या टोपीकडे, धुतल्या शर्टाकडे बघितलं. मग लगबगीने पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही हात जोडले.

"पाव्हणं, राग धरू नका. चूक माजी हाय. पोरगी लई गुनाची हाय हो, तिला नगं म्हनू नका."

पुतण्याची बायको दारात उभी होती. ती हसून म्हणाली, "काका, कुणीही आलं की असंच म्हणतात." मी वाटी हातात धरून बसलो. त्यांचे जोडलेले हात मी खाली घेतले, तर त्यांनी पुन्हा जोडले. शेवटी मी मान हलवली आणि म्हणालो, "पोरगी पसंत आहे आम्हाला." त्या हसल्या. दिवाळी झाल्यावर त्या गेल्या.

त्या खाटेपाशी मला जे म्हणायचं होतं ते फार मोठं नव्हतं. वहिनी, तुमच्या हातून एकही बी राहिलं नव्हतं. बी मी फोडलं. मला माफ करा.