तीन चोक बारा

लंकाबाईंचा विश्वास बसणं म्हणजे दुष्काळी पाथर्डीत पूर येणं. तिसगावच्या बाजारात तोलून घेतलेले कांदे त्या पुढच्या गाळ्यावर पुन्हा तोलायच्या. काडेपेटीतल्या काड्या मोजायच्या. जावयाने पेढे आणले तेव्हा पहिला त्यालाच खायला लावला. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ.

घर वरच्या आळीत, चढावर, नळाच्या अगदी शेवटाला. तिथे तीन-तीन दिवसांनी पाणी यायचं. मार्चच्या बारा तारखेला ते आलंच नाही, चोवीसला नाही, एप्रिलच्या पाचलाही नाही. तिन्ही वेळा शेजारच्या रंगुबाईचे हंडे मात्र भरलेले. लंकाबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. रंगुबाईने नळाला मोटार लावली असणार. बारा तारखेला तिच्याकडे पाहुणे आले होते, म्हणजे कारणही सापडलं. झालं, ग्रामपंचायतीत लेखी तक्रार गेली. मोटार सापडली असती तर रंगुबाईचा नळ कायमचा तुटला असता, आणि तोही ऐन उन्हाळ्यात.

आठ तारखेला, पाण्याच्याच दिवशी, पंच आले. त्यांनी कणगी सरकवली, गाद्या उचलल्या, देवाच्या फळीमागेही हात घातला. रंगुबाई डोक्यावरचा पदर सावरत दारात उभी होती आणि सगळी आळी बघत होती. काहीच सापडलं नाही. त्या दिवशी लंकाबाईंच्या नळाला धो धो पाणी आलं, तर त्यावरही त्या म्हणाल्या, आधीच कुणकुण लागली असणार.

मग संशय छगनवर गेला. पाणी सोडायचं काम त्याचं. त्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून लंकाबाई रोज सकाळी टाकीजवळच्या लिंबाखाली बसू लागल्या. वरच्या आळीचा कॉक उघडला की घरी येऊन कॅलेंडरवर रेघ, खालच्या आळीचा उघडला की गोल. सतराला छगनने दोन्ही कॉक एकाच सकाळी उघडले. लंकाबाईंनी त्याला तिथेच गाठलं.

"आजी, मी काय करनार?" छगन म्हणाला. "वरच्या आळीला तीन दिसांनी, खालच्या आळीला चार दिसांनी. दोन्ही पाळ्या एकदम आल्या की पानी वाटलं जातं. शेवटाला काय पोचनार?"

त्या घरी आल्या. नळ कोरडाच होता. त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं आणि मार्चचं पान उलटलं. तीन, सहा, नऊ, बारा ही आपली पाळी. चार, आठ, बारा ही खालच्यांची. तीन चोक बारा, चार त्रिक बारा. पुढे चोवीसला पुन्हा गाठ, मग छत्तीसला, म्हणजे एप्रिलची पाच. अठ्ठेचाळीसला आजचा दिवस. तिनाच्या पटीतही बसणारे आणि चाराच्या पटीतही बसणारे तेवढेच दिवस कोरडे गेले होते. बाकी एकही नाही. जन्मात त्यांनी पाढ्यांवर मात्र कधी संशय घेतला नव्हता. फार लाज वाटली त्यांना.

रंगुबाई ओसरीवर बाजरी निवडत होती. लंकाबाईंनी उभ्या उभ्याच सगळा हिशोब सांगितला. मोटार नव्हती, दर बाराव्या दिवशी दोन्ही पाळ्या एक होतात आणि चढावर पाणी पोचत नाही, चूक माझी झाली, पंचायतीत येऊन सगळ्यांसमोर तसं सांगते. रंगुबाईने सूप खाली ठेवलं.

"बारा तारखेला माझ्याकडं पाहुनं हुतं," ती म्हणाली. "नळाला करंगळीयेवढी धार. तरी तुला दोन हंडे दिले. चोवीसला दिले, पाचला बी दिले. ते घेताना तुला काय वाटलं गं?"

लंकाबाईंना खोटं बोलता येईना. ते सहाही हंडे त्यांनी चोरीचा पुरावा म्हणून तक्रारीत लिहिले होते.