पाच तारखेचा सल्ला

विश्वंभरला स्वतःबद्दल शंका अशी फारशी कधी आलीच नव्हती. पुसेगावच्या शाळेत सगळ्यांच्या आधी हात वर करताना आली नाही, की पुण्याची नोकरी सोडून हिंगोलीत बसस्थानकामागे ‘आर्थिक सल्लागार’ अशी पाटी लावतानाही आली नाही. लोक हसले. ज्याच्याकडं पैसा आहे त्याला सल्ला कशाला, आणि ज्याच्याकडं नाही त्याला त्याचा उपयोग काय, असं टपरीवर बोललं जाई. विश्वंभर हसणाऱ्यांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजी. त्यातले दोघं पुढं त्याचे पहिले ग्राहक झाले.

त्याचा नेम साधा होता. कंपनीकडून कमिशन घ्यायचं नाही, समोरच्याकडून फी घ्यायची, आणि पटेल ते तोंडावर सांगायचं. पण त्याचं नाव झालं ते फीमुळं नव्हे, पेपरमुळं. शिवशंकर नावाचा त्याचा शाळासोबती एक स्थानिक दैनिक चालवी. त्यात दर गुरुवारी विश्वंभरचं ‘पैशाला पाट’ हे सदर येई. तीन महिन्यांत दामदुप्पट देणारी एक साखळी योजना जिल्ह्यात आली, तेव्हा त्यानं लिहिलं, “पैसा म्हणजे सशाची जोडी नव्हे. तीन महिन्यांत दुप्पट व्हायला त्याला दुसऱ्याचा खिसा लागतो, आणि तो दुसरा म्हणजे तुम्हीच.” ते कात्रण दोन शाळांच्या सूचनाफलकावर लागलं. तेव्हापासून गडी जरा जास्तच ताठ चालू लागला, हे कबूल केलं पाहिजे.

गेल्या दिवाळीत त्यानं सगळ्यांत गाजलेला लेख लिहिला. दर महिन्याच्या पाच तारखेला पाचशे रुपये म्युच्युअल फंडात टाका, बँकेला तसं लिहून द्या, ती आपोआप कापून घेईल. “तुम्ही विसराल, बँक विसरत नाही,” हे वाक्य शिवशंकरनं चौकटीत ठळक छापलं. मास्तर लोक ते एकमेकांना ऐकवू लागले. विश्वंभरही ते भाषणात दोनदा तरी म्हणायचाच.

श्रावणातल्या एका सकाळी नर्मदाबाई त्याच्या कार्यालयात आली. सिद्धेश्वर धरणाच्या पाटावरच्या एका गावची, पन्नाशीची, सातवी शिकलेली. तिनं कापडी पिशवीतून आपल्या बचत गटातल्या बायांची अकरा पासबुकं काढून टेबलावर ठेवली.

“तुमीच का ते पाटवाले भाऊ?”

“व्हय मावशी, मीच. बसा.”

“बसते. आधी हे पाहा.”

विश्वंभरनं पासबुकं उघडली. नोव्हेंबरपासून हप्ते बिनतक्रार गेले होते. मग मे महिन्यात खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत, वर बँकेचा दंड. जूनमध्ये तेच, जुलैमध्ये तेच. तीनदा हुकल्यावर हप्ता कायमचा बंद. अकराही पासबुकांत हीच गोष्ट होती.

“बायांनी पैसे भरले न्हाईत?” त्यानं विचारलं.

नर्मदाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं बैलाच्या उलट्या बाजूला उभं राहून जू मागणाऱ्या पोराकडं पाहावं. “मिरगात पैसे कुठून आणावं भाऊ? बी-खत घ्यायचे दिवस. सोयाबीन दसऱ्या-दिवाळीला, तूर संक्रांतीच्या पुढं. पाटाला रोज पाणी असतं का? पाण्याची पाळी आली की येतं, मंग दारं धरून वावरात घ्यायचं. तुमी तर रोज दारं धराया सांगून राहिले.”

विश्वंभरनं पासबुकं मिटली. हा माणूस पुसेगावच्या शेतकऱ्याचा पोरगा. त्याच्या घरात वह्या-कपडे-चपला सगळं सोयाबीन विकल्यावर एकदाच यायचं. आणि त्यानंच पुण्यात शिकलेलं पगारदारांचं गणित जसंच्या तसं उचलून बिनपगारी लोकांच्या पुढ्यात ठेवलं होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा! त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

सुटायला वाट होती. लेखाखाली दर वेळी बारीक अक्षरांत एक ओळ असे : गुंतवणुकीपूर्वी आपल्या सल्लागाराला विचारा. त्यानं चाचरत तिचा उल्लेख केला.

“ती ओळ मला दिसलीच न्हाई,” नर्मदाबाई म्हणाली. “माझ्या चष्म्याचा लंबर वाढलाय, आन् तुमची ती ओळ मुंगीवानी.”

“चुकलं माझं मावशी. दंडाचे पैसे मी देतो.”

“दंड मागाया न्हाई आले मी.” तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “आमच्या गटात दर सोमवारी मी पेपर वाचून दाखवते. सहा वर्सं झाली. तुमचा लेख मीच वाचला, मीच म्हणले टाका पैसे, पेपरात छापून आलंय. आता भिकाबाई म्हणते, हिच्या वाचण्यानं आमची तकलीफ झाली. दोन महिने झाले, पेपर घडी मोडल्याबिगर पडून राहतो. कुणी वाच म्हणत न्हाई. मला पुन्यांदा वाचायला बसायचंय भाऊ. ते कसं करता सांगा.”

असा सल्ला विश्वंभरकडं आजवर कुणी मागितला नव्हता. तिला चहा पाजून, पासबुकांचे फोटो काढून त्यानं एवढंच सांगितलं, “पुढच्या गुरुवारचा पेपर मी सोता घेऊन येतो.”

दुपारी त्यानं शिवशंकरला गाठलं. नव्या लेखाचा मथळा ऐकताच संपादकानं कपाळावर हात मारला. मथळा होता ‘माझा सल्ला चुकला’.

“येडा झालास का? पुढच्या महिन्यात संभाजीनगरच्या वाहिनीवर तुझी मुलाखत आहे. त्यांनी हे वाचलं तर?”

“तर मुलाखतीत हेच सांगतो.”

“अरे, डॉक्टर कधी भिंतीवर लिहितो का, अमक्याला चुकीचं औषध दिलं म्हणून? एकदा सल्ला चुकला म्हटलं की लोक मागचे सगळे लेख संशयानं वाचतील.”

“वाचू दे की. नुसता विश्वास ठेवून वाचलं, म्हणून तर घोळ झाला.” विश्वंभर म्हणाला. “आणि छापणार नसशील, तर मोबाइलवर व्हिडिओ करून माझं मी सांगतोच. पण त्या बाईनं पेपर वाचला होता. तिचं उत्तर पेपरातच यायला पाहिजे.”

शिवशंकर थोडा वेळ कुरकुरला. मग मित्रच तो, त्यानं विचारलं, “चौकटीत घेऊ का?”

“चौकटीत घे. आणि खालची बारीक ओळ बदलून दिलीय, ती मथळ्याएवढी कर.”

गुरुवारी विश्वंभर मोटारसायकलनं गावात पोचला. तो येणार म्हणून गट सोमवारऐवजी त्याच दिवशी समाजमंदिरात बसला होता. भिकाबाई पुढंच होती, सत्तरीची, पदर खोचलेली. नर्मदाबाई दाराशी टेकून, जणू चपला राखायला बसलेली.

“तुमीच लिवलं, तर तुमीच वाचा,” भिकाबाई म्हणाली.

“मी लिवणारा. तुमच्या गटात वाचायचं काम नर्मदामावशीचं.” त्यानं पेपर सरळ दाराकडं नेऊन दिला.

नर्मदाबाईनं चष्मा पुसला. घडी मोडली. पहिल्या दोन ओळी अडखळल्या, मग सहा वर्षांचा सराव कामी आला आणि आवाज मोकळा झाला.

“‘पगारदाराचा महिना आणि शेतकऱ्याचा महिना एक नसतो, हे शेतकऱ्याच्या घरात वाढूनही मी विसरलो. हप्ता बँकेच्या तारखेनं नको, सुगीच्या तारखेनं असावा. पेरणीचा पैसा आधी वेगळा काढावा. मग सोयाबीन विकल्यावर एकदा, तूर विकल्यावर एकदा, उरेल त्यातून टाकावं. पाण्याची पाळी येते तेव्हाच दारं धरतात, हे मला सिद्धेश्वरच्या पाटाखालच्या नर्मदाबाईंनी शिकवलं. चूक लिहिणाऱ्याची होती. वाचून दाखवणाऱ्या बाईची...’”

ती थांबली. तिनं चष्मा पुन्हा पुसला. विश्वंभर म्हणजे सभा गाजवणारा माणूस, पण त्याला मान खाली घालावी लागली.

“काहून थांबली?” भिकाबाई खेकसली. “दिसून न्हाई राहिलं, तर माझा चष्मा घे. पण पुरं वाच.”

“‘...वाचून दाखवणाऱ्या बाईची नव्हती,’” नर्मदाबाईनं वाचलं. मग शेवटची ठळक ओळही सोडली नाही, “‘सल्ला तुमच्या शेताला लागू पडतो का, ते आधी तपासा. न पटलं तर येऊन भांडा.’”

भिकाबाईनं सतरंजीवर सरकून आपल्याशेजारी जागा केली आणि तिथं हात आपटला. नर्मदाबाई उठून तिथं येऊन बसली.

“मंग यंदा सोयाबीन इकल्यावर म्या किती टाकावं म्हणती, नर्मदे?” भिकाबाईनं विचारलं.

विश्वंभरनं सवयीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्याच्याकडं कुणी पाहतच नव्हतं. साऱ्या जणी नर्मदाबाईच्या तोंडाकडं पाहत होत्या. विश्वंभरनं तोंड मिटलं, आणि ती काय सांगते ते ऐकायला तोही मांडी घालून खाली बसला.